सेटअप फाइल की स्टोअर? आडत, जिनिंग, दाल मिलचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर कोणत्या वाटेने द्यायचं

गिरणाथडी (भडगाव)

जिनिंग, आडत, दाल मिल, केळी ग्रुप यांचा हिशेब आपल्याकडे अजून बहुतेक विंडोजवरच्या प्रोग्रॅमवर चालतो. काटा सीरियल पोर्टला जोडलेला, पावती डॉट मॅट्रिक्सवर, आणि गाडी काट्यावर उभी असताना इंटरनेट गेलं तरी पावती थांबून चालत नाही. त्यामुळे 'ब्राउझरवर न्या' हा सल्ला इथे नको, त्याचा वेगळा धागा काढू.

प्रश्न वाटपाचा आहे. सेटअप पेनड्राइव्हवर नाहीतर ड्राइव्हच्या लिंकवरून जातो. लिंकवरून उतरवलेला सेटअप विंडोज १० किंवा ११ वर उघडला की धोक्याच्या इशाऱ्याची निळी पाटी येते, गिऱ्हाईक घाबरतं, फोन सुरू. दुसरीकडे मायक्रोसॉफ्ट स्टोअर २०२१ पासून साध्या ईएक्सई आणि एमएसआय फाइलीही घेतं. मग स्टोअरवर चढवलं की पाटी जाते का? डेटाबेस कुठे राहतो? पैशाचा वाटा किती कापला जातो? आणि वापरणाऱ्याच्या बाजूने काय बदलतं? ज्यांचा हात यात बसलाय त्यांनी तपशिलात लिहा.

सहीशिक्का (जळगाव)

आधी निळ्या पाटीचं बघू, कारण निम्मे लोक तिच्यासाठीच स्टोअरकडे धावतात.

ब्राउझरने उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक छुपी खूण चिकटवतं: ही इंटरनेटवरून आली. ती खूण असली तरच स्मार्टस्क्रीन, म्हणजे विंडोजमधलं सुरक्षेचं साधन, फाइल तपासतं. पेनड्राइव्ह बहुधा एफएटी३२ किंवा एक्सफॅट असतो आणि त्यावर ही खूण टिकत नाही, म्हणून पेनड्राइव्हने दिलेल्या सेटअपला पाटी येत नाही. तीच फाइल लिंकवरून दिली की येते. यात जादू काही नाही.

तपासताना दोन गोष्टी पाहिल्या जातात. फाइलीवर कुणाची डिजिटल सही आहे, आणि ही फाइल किंवा ही सही आधी किती जणांनी विनातक्रार चालवली. सही नसेल तर विश्वास फक्त त्या एका फाइलीपुरता साचतो. एक ओळ बदलून नवीन सेटअप बांधला की फाइलीचा हॅश (तिच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) बदलतो आणि पाटी पुन्हा पहिल्या दिवसासारखी. दर आठवड्याला सेटअप बदलून पाठवणाऱ्यांची पाटी कधीच जात नाही ती यामुळे. सही असेल तर विश्वास प्रमाणपत्राच्या नावावरही साचत जातो.

कडक पडताळणी करून मिळणारं महागडं ईव्ही प्रमाणपत्र घेतलं की पाटी लगेच जाते, ही माहिती आता जुनी. २०२४ पासून त्यालाही ओळख कमवावी लागते. विक्रेता अजून तसं सांगत असेल तर पैसे देण्याआधी लेखी घ्या.

१ जून २०२३ पासून सहीची खासगी किल्ली हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. म्हणजे यूएसबी टोकन, नाहीतर क्लाउडमधली एचएसएम (किल्ली सुरक्षित ठेवणारी) सेवा. किल्लीची फाइल ईमेलने मिळायचे दिवस संपले. टोकन ऑफिसच्या मशीनला लावून तुम्ही घरून रिमोट डेस्कटॉपने सही करायला बसलात, तर टोकन दिसणार नाही. रिमोट सत्रात विंडोज तुमच्या समोरच्या मशीनचं स्मार्टकार्ड शोधतं, पलीकडच्याचं नाही. पिन सारखा चुकला तर टोकन लॉक होतं. आणि सही करताना टाइमस्टँप सर्व्हरचा (सहीची वेळ नोंदवणाऱ्याचा) पत्ता दिलाच पाहिजे. टाइमस्टँप नसलेली सही प्रमाणपत्राच्या मुदतीबरोबर मरते आणि वर्षभरापूर्वी दिलेले सगळे सेटअप एका दिवशी 'अज्ञात प्रकाशक' होतात. मुदतही आखूड झाली आहे. १ मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्राची कमाल मुदत ४६० दिवस, आधी ती ३९ महिने होती.

अर्जात फर्मचं नाव आणि पत्ता जीएसटी प्रमाणपत्रावर आहे तसाच, अक्षराला अक्षर लावून लिहा. 'रोड' आणि 'मार्ग' एवढ्या फरकानेही अर्ज परत येतो.

पॅकेजवाली (धुळे)

सहीशिक्का भाऊंच्या पुढचं मी लिहिते. स्टोअरमध्ये शिरायच्या वाटा दोन आहेत आणि त्या एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत.

पहिली वाट ईएक्सई किंवा एमएसआयची. फाइल तुमच्याच सर्व्हरवर राहते, स्टोअर फक्त तिचा पत्ता लक्षात ठेवतं. सही तुमची, प्रमाणपत्राचा खर्च तुमचा. सेटअप पूर्ण असला पाहिजे, मागून आणखी काही उतरवणारा छोटा लाँचर चालत नाही. न विचारता मुकाट्याने बसण्याची सोय हवी. दुव्यात आवृत्तीचा आकडा हवा आणि एकदा दिलेल्या दुव्यावरची फाइल बदलायची नाही. आपल्याकडे 'सेटअप लेटेस्ट' या एकाच नावावर फाइल चढवत राहायची सवय आहे, ती इथे पहिल्याच फेरीत नडते. अपडेटचं बघणंही मुळात तुमच्याच प्रोग्रॅमकडे राहतं.

दुसरी वाट एमएसआयएक्सची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नव्या पॅकेज प्रकाराची. पॅकेज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहतं, सही तेच करतात, त्यामुळे प्रमाणपत्र विकत घ्यावं लागत नाही. निळी पाटी येत नाही. अपडेट आपोआप, तेही बदललेल्या तुकड्यांपुरतं. वैयक्तिक खात्याची नोंदणी फी २०२५ मध्ये काढून टाकली आहे. ऐकायला गोड वाटतं ना? आता अटी वाचा.

एमएसआयएक्समध्ये प्रोग्रॅमचा फोल्डर फक्त वाचण्यासाठी असतो. आपले व्हीबी६ आणि फॉक्सप्रोतले जुने प्रोग्रॅम डेटा फाइल प्रोग्रॅमच्या शेजारीच ठेवतात. पॅकेज केल्यावर पहिलीच पावती सेव्ह करताना त्रुटी येते. आणखी एक, सुरू होताना चालू फोल्डर सिस्टम३२ असू शकतो. 'डेटा फोल्डरातली लेजर फाइल उघड' असा अर्धवट पत्ता कोडमध्ये लिहिला असेल तर फाइल सापडतच नाही. पूर्ण पत्ता बांधा. सोर्स कोड हाताशी नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॅकेज सपोर्ट फ्रेमवर्क या साधनाने काही गोष्टी वळवता येतात, पण ती मलमपट्टी आहे.

मग लोक डेटा प्रत्येक लॉगिनच्या वेगळ्या फोल्डरात, म्हणजे अ‍ॅपडेटात हलवतात आणि तिथे खरा घात होतो. पॅकेजमधला प्रोग्रॅम अ‍ॅपडेटात जे नव्याने लिहितो ते विंडोज गुपचूप त्याच्या खासगी कप्प्यात वळवतं. प्रोग्रॅम काढला की कप्पाही जातो. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या प्रगत पर्यायांत दोन बटणं शेजारी-शेजारी असतात, रिपेअर आणि रीसेट. रिपेअरने डेटा राहतो, रीसेटने साफ होतो. फोनवरून 'ते रीसेट दाबून बघा' असं कुणी सांगितलं की तीन वर्षांचं खातं गेलं.

प्रोग्रॅमडेटा फोल्डरात लिहिता येतं, पण तिथे एका विंडोज लॉगिनने बनवलेली फाइल दुसऱ्या साध्या लॉगिनला बदलता येत नाही. नेहमीचा सेटअप प्रशासक म्हणून चालतो तेव्हा परवानगी मोकळी करून ठेवतो. एमएसआयएक्सला बसताना असलं काही करता येत नाही. सरळ उपाय: पहिल्यांदा उघडल्यावर फोल्डर विचारा, डी ड्राइव्हवर ठेवायला लावा, आणि रोज रात्रीची बॅकअप प्रत दुसरीकडे टाका.

राहिलेलं थोडक्यात. यंत्रभर लागू होणाऱ्या रजिस्ट्री नोंदी करता येत नाहीत. डोंगलचा (परवान्याच्या यूएसबी किल्लीचा) ड्रायव्हर पॅकेजमधून बसत नाही, त्याचा सेटअप वेगळाच द्यावा लागेल. काट्याचा सीरियल पोर्ट मात्र पूर्ण विश्वासाची परवानगी असलेल्या पॅकेजला नेहमीसारखा उघडता येतो. ती परवानगी का हवी ते अर्जात दोन ओळींत लिहावं लागतं.

दाणाबाजार (जळगाव)

तुमचं सगळं बनवणाऱ्यांचं चाललंय. वापरणाऱ्याने काय करायचं? स्टोअरमधून घेतलं तर मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं का? आमच्या मुनीमजींकडे ईमेलही नाही.

पॅकेजवाली (धुळे)

दाणाबाजार भाऊ, मोफत अ‍ॅपला बहुतेक वेळा खातं लागत नाही. स्टोअरमधून पैसे देऊन घेतलं तर लागतं, आणि तो परवाना त्या खात्याला चिकटतो, दुकानाला नाही.

म्हणून खातं कुणाच्या नावावर उघडताय ते बघा. कॉम्प्युटर बसवणारा पोरगा स्वतःच्या मोबाइल नंबरवर खातं उघडतो, खरेदी त्यावर करतो, पुढे गाव सोडून पुण्याला जातो. नवीन मशीन घेतल्यावर ओटीपी त्याच्या फोनवर. फर्मचा वेगळा ईमेल आणि मालकाचा नंबर, दोन्ही तुमच्या वहीत लिहिलेले हवेत.

भुसावळ_जंक्शन

एक अडचण कुणी बोललं नाही. निम्म्या मशीनवर दुकानदाराने 'लाइट' विंडोज टाकलेली असते. जागा वाचावी म्हणून स्टोअरच कापून टाकलेलं. तिथे कसलं स्टोअर नि कसलं काय. विंडोज ७ वाली मशीनंही काट्यावर अजून दिसतात, त्यांना तर हे दारच नाही.

याच्या उलट टोकाला काही नवे लॅपटॉप एस मोडमध्ये येतात. त्यावर स्टोअरच्या बाहेरचा सेटअप चालतच नाही. एस मोड स्टोअरमधूनच फुकट काढता येतो, पण एकदा काढला की परत लागत नाही. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा.

सातपुडा_टक्स (शिरपूर)

स्टोअर, स्टोअर म्हणून एवढा गाजावाजा चाललाय म्हणून आठवण करून देतो: एका जागेवरून तपासलेलं सॉफ्टवेअर, एका आज्ञेत अपडेट, ही पद्धत डेबियन या लिनक्स वितरणवाल्यांनी १९९० च्या दशकातच बसवली. फरक असा की तिथे पॅकेज बांधणारा बहुधा मूळ लेखक नसतो, वितरणाचा स्वयंसेवक असतो. लेखकाने आज सोडलेली आवृत्ती वापरणाऱ्याला पुढच्या वितरणात मिळते. स्थिरता मिळते, ताजेपणा जातो.

ही कोंडी फोडायला स्नॅप आणि फ्लॅटपॅक हे पॅकेजचे प्रकार आले. स्नॅपचं स्टोअर एकच, उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलचं, आणि त्याच्या सर्व्हरचा कोड खुला नाही. म्हणूनच लिनक्स मिंटने २०२० मध्ये २० व्या आवृत्तीपासून स्नॅप मुळातच अडवून ठेवलं. फ्लॅटपॅकमध्ये फ्लॅटहब मोठं असलं तरी स्वतःचं भांडार कुणालाही उभारता येतं. सीरियल पोर्टवाल्यांनी लक्ष द्या: स्नॅपमध्ये पोर्टची जोडणी आपोआप मिळत नाही, हाताने जोडून द्यावी लागते. फ्लॅटपॅकमध्ये उपकरणांची परवानगी मागावी लागते. आणि दोन्हीकडे वापरणारा पोर्ट वापरायची मुभा देणाऱ्या 'डायलआउट' गटात नसेल तर 'परवानगी नाकारली' एवढंच दिसतं आणि माणूस केबल बदलत बसतो.

स्नॅप दिवसातून चार वेळा स्वतःहून अपडेट शोधतं. सुरुवातीला ते फक्त पुढे ढकलता यायचं, २०२२ च्या अखेरीपासून बेमुदत थांबवता येतं. फ्लॅटपॅकचं पहिलं अ‍ॅप बसवताना रनटाइम (सामायिक लायब्ररी) म्हणून काहीशे एमबी उतरतात. छोट्या अ‍ॅपला एवढं का, असा प्रश्न येतो. पुढची अ‍ॅप्स तोच रनटाइम वापरतात. शाळेच्या लॅबला मी अ‍ॅपइमेज सुचवेन, एक फाइल, पेनड्राइव्हवरून. मात्र उबंटू २२.०४ पासून त्याला लागणारं जुनं फ्यूज २ सोबत येत नाही, ते आधी बसवा. नाहीतर डबल क्लिक केल्यावर काहीच होत नाही, त्रुटीसुद्धा दिसत नाही.

डीटीपी_पारोळा रोड (धुळे)

मॅकची बाजू राहिली. प्रेस आणि डिझाइनवाल्यांसाठी लिहितो.

मॅक अ‍ॅप स्टोअर ६ जानेवारी २०११ ला उघडलं. जून २०१२ पासून नव्या अ‍ॅपला सँडबॉक्सची सक्ती झाली. म्हणजे अ‍ॅपला फक्त वापरणाऱ्याने दाखवलेल्या फाइली दिसतात, डिस्कवर मोकाट फिरता येत नाही. मजकुराचे एडिटर, बॅकअपची साधनं यांची यात पंचाईत झाली. बीबीएडिट २०१४ मध्ये बाहेर पडलं आणि २०१९ मध्ये परत आलं. स्केच २०१५ च्या डिसेंबरात बाहेर पडलं. कारणं त्यांनी उघड सांगितली: तपासणीला लागणारा वेळ, सँडबॉक्सची बंधनं, आणि जुन्या गिऱ्हाइकाला सवलतीत नवी आवृत्ती द्यायची सोय नसणं. ही शेवटची गोष्ट आपल्या धंद्याला फार लागू आहे. दर वर्षी अर्ध्या दरात 'नवीन वर्षाचं व्हर्जन' देणं हे आपलं चालतं गणित, आणि स्टोअर नेमकं तेच मोडून वर्गणीकडे ढकलतं.

मॅकवर स्टोअरबाहेरून दिलं तरी अ‍ॅपलच्या हातून सुटका नाही. वर्षाला ९९ डॉलर भरून विकसक खातं, त्याची सही, आणि नोटरायझेशन, म्हणजे अ‍ॅप अ‍ॅपलच्या सर्व्हरकडे पाठवून यंत्राकडून तपासून घेणं. कॅटलिना आवृत्तीपासून हे न केलेलं अ‍ॅप सरळ अडतं. कंट्रोल दाबून उघडायची युक्ती २०२४ च्या सिकोयात काढली. आता सिस्टम सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा या पानावर जाऊन 'तरीही उघडा' करावं लागतं. फोनवरून हे समजावणं किती कटकटीचं, ते धुळ्यातल्या कुठल्याही प्रेसवाल्याला विचारा.

आणि स्टोअर म्हणजे निर्धास्त असंही नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये अ‍ॅपलच्या बाजूचं प्रमाणपत्र संपलं आणि व्यवस्थित चालणारी, पैसे भरून घेतलेली अ‍ॅप्स 'खराब झाली आहे, काढून पुन्हा उतरवा' म्हणायला लागली.

दाणाबाजार (जळगाव)

म्हणजे आमच्या मशीनवरचं आमचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या शिक्क्यावर जगतंय, असंच ना?

सहीशिक्का (जळगाव)

बरोबर शे भाऊ. शिक्का आपला घेतला तरी तो देणारा तिसराच असतो. फरक एवढाच की टाइमस्टँपवाली सही प्रमाणपत्र संपल्यावरही चालते आणि तुमच्याकडे जुना सेटअप डिस्कवर असतो. स्टोअरने यादीतून काढलं तर नव्या मशीनवर बसवायला प्रत कुठून आणणार?

कापूस_कॅश (चोपडा)

पैशाचं कुणी लिहिलं नाही, मी लिहितो.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये गेम सोडून इतर अ‍ॅपसाठी त्यांची वसुली यंत्रणा वापरली तर १५ टक्के कापतात. स्वतःची वसुली लावली तर काही कापत नाहीत, हे २०२१ पासून आहे. अ‍ॅपलचा मूळ दर ३० टक्के. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत असणाऱ्यांना २०२१ पासून अर्ज केल्यावर १५.

८,००० रुपयांचा परवाना धरा. १५ टक्के म्हणजे १,२०० गेले. तुम्ही थेट विकलं तर ८,००० वर १८ टक्के जीएसटी १,४४०, एकूण बिल ९,४४०. इथे गिऱ्हाईक कोण ते पाहायचं. जिनिंगवाला करपात्र माल विकतो, त्याला १,४४० चं क्रेडिट मिळतं, म्हणून त्याला त्याच्या जीएसटी नंबरचं पक्कं बिल हवंच. स्टोअरच्या पावतीवर त्याचा नंबर नसेल तर तो परत तुमच्याकडेच भांडायला येणार. ताजी केळी विकणाऱ्याचा माल करमुक्त, त्याला क्रेडिटचा उपयोग नाही, तो ९,४४० हाच भाव समजतो आणि घासाघीस तिथून सुरू करतो.

वर्गणी लावायची म्हणत असाल तर १ ऑक्टोबर २०२१ पासूनचे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. कार्डावरून आपोआप कापायची मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० केली, त्यावर दर वेळी ओटीपी. याच सुमारास अ‍ॅपलने भारतात कार्ड घेणं बंद केलं आणि यूपीआय, नेट बँकिंग, खात्यातली शिल्लक एवढंच ठेवलं. आपल्या व्यापाऱ्याला क्यूआर कोड आणि बिल, एवढंच समजतं. वसुली स्वतःकडे ठेवा.

तापीकाठ (शिंदखेडा)

अपडेटवर कुणी खोलात गेलं नाही आणि माझ्या मते स्टोअरने सगळ्यात जास्त तेच बदललंय. पूर्वी अपडेट कधी द्यायचं हे बनवणारा ठरवायचा आणि कधी घ्यायचं हे वापरणारा. आता दोघांच्या मध्ये तिसरा बसला.

एका आडतीत पाच मशीन एकाच डेटाबेसला जोडलेली असतात. स्टोअर प्रत्येक मशीन स्वतंत्रपणे अपडेट करतं. सकाळी एकावर नवी आवृत्ती आली, तिने टेबलात नवीन कॉलम टाकला, उरलेली चार जुन्या आवृत्तीवर. मग कुठे पावतीचा क्रमांक दुबार, कुठे बेरीज चुकीची. उपाय असा: डेटाबेसमध्ये रचनेचा क्रमांक ठेवा. प्रोग्रॅमने उघडताना तो वाचायचा. रचना प्रोग्रॅमपेक्षा नवी असेल तर लिहायला नकार देऊन 'या मशीनवर आधी अपडेट घ्या' एवढं मराठीत सांगायचं. रचना जुनी असेल तर स्वतःहून बदलायची नाही, मालकाच्या लॉगिनने हो म्हटल्यावरच, आणि आधी बॅकअप घेऊन. नवीन कॉलम रिकामा चालेल असाच ठेवा म्हणजे जुनी आवृत्ती एक-दोन दिवस तग धरते.

दुसरं, मागे फिरणं. स्टोअरमध्ये आवृत्तीचा आकडा फक्त चढतो. ३.४ बिघडली म्हणून ३.३ परत देता येत नाही. ३.३ चाच कोड ३.५ म्हणून चढवायचा. आकड्याचे चार भाग असतात त्यातला शेवटचा स्टोअरसाठी राखीव, तो शून्यच ठेवायचा. तिथे बिल्ड नंबर घालणाऱ्यांचं पॅकेज परत येतं. मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवर टप्प्याटप्प्याने सोडायची सोय आहे, आधी दहा टक्के मशीनना द्या, दोन दिवस फोनची वाट बघा, मग पुढे.

तिसरं, तपासणी. ती काही तासांत होते किंवा तीन कामाचे दिवसही लागतात. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले ते आठवा. त्या दिवशी सकाळी पहिल्या बिलाला नवा दर लागायला हवा होता. दर कोडमध्ये लिहिले असतील आणि पॅकेज तपासणीत अडकलं असेल तर तुम्ही काय सांगणार? दर, सेस, हमालीचे आकडे टेबलात ठेवा, 'या तारखेपासून लागू' या कॉलमसकट. मग स्टोअर असो की पेनड्राइव्ह, मालक स्वतः दर बदलतो.

पॅकेजवाली (धुळे)

तापीकाठ, रचनेच्या क्रमांकाचं अगदी लाखमोलाचं. भर एवढीच: स्टोअरचे अपडेट डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनने येतात. ते स्थानिक नेटवर्कपुरतं चालू ठेवलं तर एका मशीनने उतरवलेलं बाकीची चार तिच्याकडून घेऊ शकतात. आणि जोडणी 'मीटर्ड' (डेटा जपून वापरायची) केली असेल तर स्टोअर आपोआप अपडेट घेत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या काट्याच्या मशीनला ही खूण मुद्दाम लावा.

अडावद_आयटी

मला विचाराल तर एवढं कुटाणं कशाला. गिऱ्हाईक आपलं, गावातलं, दोनशेच्या आत. पेनड्राइव्ह घ्या, गाडी काढा.

सातपुडा_टक्स (शिरपूर)

गाडी काढणं ठीक, पण तुमचा सेटअप गिऱ्हाईक उद्या गूगलवर शोधणार. सॉफ्टवेअर शोधताना वरचा पहिला निकाल जाहिरातीचा असतो, किंवा डाउनलोड पोर्टलचा. सोर्सफोर्जसारख्या जुन्या, मानाच्या जागेनेही इन्स्टॉलरसोबत नको ती सॉफ्टवेअरं जोडायला सुरुवात केली होती, आणि त्याच कारणावरून गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमवाले २०१३ मध्ये तिथून निघाले.

स्टोअरवरही डोळे मिटून चालत नाही. २०१८ मध्ये मॅक अ‍ॅप स्टोअरच्या वरच्या क्रमांकावरचं, जाहिराती साफ करतो म्हणणारं अ‍ॅप लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास बाहेर पाठवताना सापडलं. स्नॅप स्टोअरवर बनावट क्रिप्टो वॉलेट चढली आणि २०२४ च्या सुरुवातीला लोकांचे बिटकॉइन गेले. वापरणाऱ्याने अ‍ॅपच्या चित्राकडे न बघता प्रकाशकाचं नाव मूळ वेबसाइटवरच्या नावाशी जुळवावं, आणि शक्यतो मूळ वेबसाइटवरच्या दुव्यानेच स्टोअरच्या पानावर जावं.

गिरणाथडी (भडगाव)

विंडोजवर आज्ञेने सॉफ्टवेअर बसवणाऱ्या विंगेटबद्दल कुणी सांगेल का? ते स्टोअर म्हणायचं की नाही?

सहीशिक्का (जळगाव)

मधली वाट आहे, आणि मला आवडते. २०२१ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. फाइल तुमच्या सर्व्हरवर, मायक्रोसॉफ्टच्या गिटहब भांडारात फक्त एक वर्णनफाइल: नाव, आवृत्ती, दुवा, फाइलीचा एसएचए२५६ हॅश. पैसे लागत नाहीत, वाटा नाही. इनो सेटअपने बांधलेला इन्स्टॉलर असेल तर मुकाट्याने बसवायचं कसं हे त्याला आपोआप कळतं. दुव्यावरची फाइल बदलली आणि वर्णनफाइलीतला हॅश जुनाच राहिला तर बसवायला नकार देतं, जे योग्यच आहे.

गिऱ्हाईक काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करणार नाही. पण तुमचा सपोर्टचा माणूस एनीडेस्कवरून एका ओळीत करेल, आणि पाच मशीनवर पाच वेळा 'नेक्स्ट, नेक्स्ट' वाचेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत. स्टोअरचा खरा फायदा अनोळखी माणसाला विश्वास बसण्यात आहे. भडगाव-पाचोऱ्याच्या आडत्याला तुमची ओळख स्टोअरने करून द्यायची गरज नाही. मुख्य प्रोग्रॅम सही केलेल्या सेटअपनेच द्या. पण मराठी तारीख, पावती छापणं, जीएसटी नंबर तपासणं असली छोटी, डेटा न ठेवणारी साधनं असतील तर ती एमएसआयएक्स करून स्टोअरवर टाका. तिथे बिघडण्यासारखं काही नाही, आणि ती वाट तुम्हाला शिकून होईल.

गिरणाथडी (भडगाव)

पटतंय. पावती छापण्याचं साधन आधी घेतो. एक शंका. पावतीवर मराठी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. सेटअप तो फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरात टाकतो. एमएसआयएक्समध्ये ते कसं?

पॅकेजवाली (धुळे)

त्या फोल्डरात टाकता येणार नाही. दोन मार्ग आहेत. फॉन्ट पॅकेजमध्ये ठेवून मॅनिफेस्टमध्ये (पॅकेजच्या वर्णनफाइलीत) 'शेअर्ड फॉन्ट' म्हणून जाहीर करा, मग तो इतर प्रोग्रॅमनाही दिसतो. किंवा प्रोग्रॅम सुरू होताना तो फक्त स्वतःपुरता लोड करा. पावतीला दुसरा मार्ग पुरेसा. त्याआधी फॉन्टचा परवाना तपासा, पॅकेजमधून वाटायची मुभा त्यात असेलच असं नाही, आणि स्टोअरवर तुमचं नाव उघड असतं.

डॉट मॅट्रिक्सला मात्र हा फॉन्ट ग्राफिक्समधूनच छापावा लागतो, कारण प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांत देवनागरी नसते. गाड्यांची रांग असेल तर आकडे आणि गाडी नंबर टेक्स्ट मोडमध्ये स्पूलरकडे (विंडोजच्या छपाईच्या रांगेकडे) थेट पाठवा, मराठी शीर्षक आधीच छापलेल्या कागदावर घ्या. पॅकेजमधूनही स्पूलरला कच्चा मजकूर जातो, फक्त प्रिंटरचं नाव कोडमध्ये पक्कं लिहू नका, यादीतून निवडू द्या.

गिरणाथडी (भडगाव)

नाव पक्कंच लिहिलंय. बदलतो आज.